माहेरच्या चार वाट्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. गवळ्यानं माप ओतताना अंगठा आत घातला, तर दुसऱ्या कुणाला दिसो न दिसो, मला दिसायचा. आमचे हे एस.टी.त ड्रायव्हर. शेवगाव-नगर करून घरी आले, की पायातलं काढायच्या आधी विचारायचे, "काय फौजदारीणबाई, आज कोन सापडलं?" मी वरवर चिडायचे, पण आतून बरं वाटायचं. घरात एक तरी माणूस जागं आहे, हे त्यांनाही कळत होतं, असं मला वाटायचं.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमच्या घरामागं एक खोली होती, मातीच्या भिंती आणि वर पत्रा. तिच्यात कडबा ठेवायचो. त्या वर्षी कडबा संपला, गाय छावणीत बांधली, आणि खोली मोकळी झाली. दारात राहिली एक शेळी. महाशिवरात्र झाली असेल नसेल, तोच दवाखान्यातल्या नर्सबाई छत्री मिटत ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, मागची खोली भाड्यानं देता का?"

"कुनाला?"

"स्टँडावरच्या अक्काला."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. ती अक्का मला माहीत होती, सगळ्या शेवगावला माहीत होती. एस.टी. स्टँडावर लिंबाखाली बसायची. डोक्याच्या जटा झालेल्या, अंगावर पोत्याचा तुकडा, आणि दिवसभर कुणाशी तरी कडाकडा भांडण. समोर मात्र कुणी नसायचं. नाव विचारलं की गप्प. बोलण्यावरून पैठणकडची असावी. नर्सबाईंनी तिला दवाखान्यात नेलं होतं, न्हाऊ घातलं होतं, दोन महिने व्हरांड्यात ठेवून गोळ्या चालू केल्या होत्या, एवढं कानावर आलं होतं.

नर्सबाई सांगायला लागल्या. ही बाई चार वर्षं लांबच्या मोठ्या इस्पितळात होती. बरी झाली, घरी पाठवली, तर घरच्यांनी दारात उभी केली नाही. रस्त्यावर आली. गोळ्या संपल्या, पुन्हा डोकं फिरलं. पुन्हा इस्पितळ, पुन्हा रस्ता. "गोळ्या आहेत हो वहिनी. दवाखान्याचे डॉक्टर पत्र लिहून मागवून घेतात. पण गोळी घेऊन झोपायचं कुठं? स्टँडावर?"

"तुमचा यात काय फायदा?" मी सरळ विचारलं.

"माझा? काहीच नाही."

इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. पन्नाशी उलटलेली बाई, ना नवरा ना पोर, भर दुष्काळात दुसऱ्याच्या वेडीसाठी दारोदार फिरते आणि म्हणते फायदा काही नाही. फायदा सांगितला असता तर मी एक वेळ विश्वास ठेवला असता.

पण ह्यांनी होकार दिला. ह्यांचं काय, दिवसाचे बारा तास घराबाहेर. म्हणाले, "मोकळी तर पडलीय खोली. ऱ्हाऊ दे." भाडं ठरलं. नर्सबाई ज्वारी आणून टाकणार, म्हणजे त्या वर्षी मिळायची ती लाल मिलो, आणि मी दोन वेळची भाकरी-कोरड्यास अक्काला द्यायचं. मग नर्सबाईंनी पिशवीतून कुलूप काढलं.

"किल्ली अक्काकडं राहील," त्या म्हणाल्या. "दुसरी किल्ली नाही. आणि बाहेरची कडी मी सुताराकडून काढून घेते, कुलपापुरता कोयंडा तेवढा राहील. दाराला बाहेरून कुणी कडी घालायची नाही. एवढंच माझं मागणं."

खोली माझी, आणि किल्ली त्या बाईकडं! मी दोन दिवस नर्सबाईंशी धड बोलले नाही.

अक्का आली ती धुतलेलं हिरवं लुगडं नेसून, केस बारीक कापलेले, हातात जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं ताट आणि एक जर्मनचीच वाटी. त्याशिवाय तिच्याजवळ काही नव्हतं. किल्ली पदराच्या टोकाला बांधलेली. बोलताना सारखा हात त्या गाठीवर जायचा. विहिरीवर घागर घेऊन जायची तरी कुलूप लावून जायची. परसाकडं जायची तरी कुलूप. मी भिंतीआडून बघायची. आमच्या परसात आणि त्या खोलीच्या अंगणात कमरेएवढी मातीची भिंत होती, तिच्यावरून सगळं दिसायचं. ज्या खोलीत एक वाकळ आणि एक मडकं, तिला एवढं कुलूप कशाला? पाणी कुठं तरी मुरतंय, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

आणि माझा संशयही एका जागी राहत नव्हता. लुगड्याच्या निऱ्या किती नीट काढते बघ, ही कसली वेडी? दुष्काळात फुकट खायला ढोंग घेतलं असेल. मग दुपारी खोलीतून तिचा आवाज यायचा, कोपऱ्यातल्या कुणाला तरी दबक्या आवाजात समजावत असायची, "जा म्हनलं ना. आता जा." की मी म्हणायची, अगं बाई, ही तर पुरती वेडी, हिच्या हाती किल्ली दिलीच कशी? ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "एक काय ते ठरव. ढोंगी हाय का वेडी हाय?" मी म्हटलं, "दोन्ही."

नर्सबाई रोज सकाळी दवाखान्यात जाता जाता यायच्या. स्वतःच्या समोर गोळी गिळायला लावायच्या, तोंड उघडून बघायच्या. मग अक्काला बरोबर न्यायच्या. तिथं ती जखमेला बांधायच्या पट्ट्या गुंडाळायची, व्हरांडा झाडायची. मला वाटलं, हां, आता कळलं, फुकटात मोलकरीण मिळाली. पण एक दिवस अक्का काही दार उघडेना. उघडलं तेव्हा भर उन्हात अंगणात उभी राहिली, भिंतीकडं तोंड करून. नर्सबाई आल्या. ओढलं नाही, ओरडल्या नाहीत. छत्री उघडून दोघींच्या डोक्यावर धरून तिच्याजवळ उभ्या राहिल्या. दवाखान्याची वेळ टळून गेली तरी तशाच. मोलकरणीसाठी असं कुणी करत नाही, एवढं मलाही कळलं, आणि त्यानं मला आणखीच राग आला.

अक्का येऊन आठवडा झाला असेल. सकाळी भिंतीपलीकडून तिनं जर्मनची वाटी माझ्यापुढं केली. वाटीत चिंचेचा चिगूर, कोवळा लुसलुशीत, निवडून धुतलेला. दवाखान्याच्या आवारात चिंच होती, तिचा खुडून आणला होता. आमटीत घालायला त्या दिवसांत यापेक्षा चांगलं काही मिळालं नसतं. हिरवं पान डोळ्यांना दिसत नव्हतं.

"तुमास्नी," ती म्हणाली.

मी वाटी घेतली, पण माझं मन काय म्हणत होतं ते लाज वाटते तरी सांगते. करणी तर नसेल? काही खायला घालून माणसं वश करतात म्हणतात. ती वळली तशी मी सगळा चिगूर शेळीपुढं ओतला, वाटी विसळली आणि भिंतीवर पालथी ठेवून दिली. पुढचे दोन दिवस मी शेळीवर डोळा ठेवून होते. शेळीला काही झालं नाही. दूध थोडं वाढलंच असेल.

अक्कानं वाटी नेली. जाताना शेळीच्या पुढ्यात पडलेल्या काड्यांकडं बघितलं, असं मला आता आठवतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

आता वाट्यांचं सांगते. लग्नात माझ्या वडिलांनी मला काशाच्या सहा वाट्या दिल्या होत्या, प्रत्येकीवर त्यांचं नाव घातलेलं. वडील गेले, त्यांच्या हातचं माझ्याकडं तेवढंच होतं. सणावारी काढायची. घरात गोडधोड केलं आणि दारातल्या माणसाला दिलं नाही तर अन्नाला नजर लागते, अशी आमच्याकडची समजूत. म्हणून अक्काला देणं भाग होतं, मायेनं नव्हे, भीतीनं. तिचं ताट रोजच्या भाकरीचं, त्यात गोड कसं द्यायचं, म्हणून माझ्या वाटीत घालून भिंतीवरून द्यायची. होळीला मूठभर डाळीचं पुरण केलं, त्याची एक वाटी गेली. पाडव्याच्या शिऱ्याची दुसरी गेली. नणंदेचे मालक आले त्या दिवशी शेवग्याच्या शेंगांचं कालवण केलं, तिसरी. आखितीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या शेवयांची चौथी.

एकही परत आली नाही.

पहिलीच्या वेळी वाटलं, विसरली. दुसरीच्या वेळी विचारलं, "अक्का, वाटी?" तिनं मान खाली घातली, हात पदराच्या गाठीवर गेला. "देते," म्हणाली. चार दिवसांनी पुन्हा विचारलं, पुन्हा "देते." चौथी वाटी मी मुद्दाम दिली, खरं सांगते. सापळा लावतात तशी दिली. तीही गेली. त्याच आठवड्यात मोडवाला गल्लीत येऊन गेला. दुष्काळात लोक तांब्या-पितळेची भांडी त्याच्या तागडीत टाकत होते. अक्का त्याच्या गाडीजवळ उभी होती, हे मी या डोळ्यांनी बघितलं. मग आणखी काय पाहिजे?

मी समोरच्या काकूंना बोलले. काकूंचा तांब्या पाडव्यापासून दिसत नव्हता. झालं. दुपारपर्यंत गल्लीतल्या बायकांना आपापलं काय काय हरवलंय ते आठवलं. मी नर्सबाईंना गाठलं आणि सांगितलं, "तुमची अक्का चोर हाय. माज्या माहेरच्या चार वाट्या तिनं मोडीत घातल्या."

नर्सबाईंचा चेहरा पडला. "मी विचारते," म्हणाल्या. विचारलं, तर त्यांनाही एकच उत्तर, "देते." त्या माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. पहिल्यांदा मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

"वहिनी, चोरीचं नाव आलं तर मला तिला इथं ठेवता येणार नाही. दुसरं दार मला मिळत नाही, सतरा ठिकाणी विचारून झालंय. परत इस्पितळात पाठवावी लागेल. या वेळेला गेली तर बाहेर कोण आणणार? दोन वर्षांत मी रिटायर होतेय."

एक गोष्ट मला माहीत होती. एकदा भिंतीशी उभी असताना मी अक्काला विचारलं होतं, तिकडं इस्पितळात कसं होतं? तिनं सांगितलं होतं, "जेवाया देत्येत. दार भाईरून लागतं." बास, एवढंच. मला ते आठवलं, आणि तरी मी म्हटलं, "माज्या वाट्यांचं काय?"

ठरल्या दिवशी सकाळी डॉक्टर आणि नर्सबाई जीप घेऊन आले. डॉक्टर तरुण, हातात कागद. काकू आल्या, आणखी दोघी-तिघी आल्या. हे त्या दिवशी सुट्टीवर, शेळी सोडून बांधत नुसते इकडंतिकडं करत होते. अक्का दारात उभी, जीपकडं बघत. तिला सगळं कळलं होतं. हाताची मूठ गाठीवर आवळलेली, बोटं पांढरी पडलेली.

नर्सबाई हळू म्हणाल्या, "अक्का, दार उघड. आत बघू नका म्हणालीस तर आम्ही नाही बघणार. पण मग मला तुला सांभाळता यायचं नाही."

अक्कानं गाठ सोडली. किल्ली दोनदा कुलपाला लागून निसटली. मी मनात म्हटलं, आता बघा. आता सगळ्यांनी बघा, मी काय म्हणत होते ते.

दार उघडलं. सारवलेली जमीन, घडी घातलेली वाकळ, मडकं, जर्मनचं ताट. आणि समोरच्या कोनाड्यात माझ्या चारही वाट्या. राखेनं अशा घासलेल्या, की माझ्या घरी कधी तशा चमकल्या नसतील. एका ओळीत मांडलेल्या, उताण्या, आणि रिकाम्या.

"या बघा!" काकू म्हणाल्या. "सापडल्या. माजा तांब्या कुटं हाय?"

तांब्या तिथं नव्हता. तो पुढं आषाढात, आडातला गाळ काढताना सापडला, पण ते पुढं.

डॉक्टरांनी मला विचारलं, "या तुमच्याच?"

"व्हय."

नर्सबाई अक्काजवळ गेल्या. "का ठेवल्यास गं? मागत होत्या तर द्यायच्या होत्यास."

अक्का मान वर करून नर्सबाईंकडं बघायला लागली, जणू इतकी शिकलेली बाई असं कसं विचारते. "रिकाम्या कशा द्याव्या?"

आमच्या भागात कुणाच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. साखरेची चिमूट असो, चार दाणे असोत, काही तरी घालूनच द्यायचं. माझ्या आईनं मला मारून शिकवलेली गोष्ट. गल्लीत त्या दुष्काळातही बायका वाटीत मिठाचा खडा घालून परत करत होत्या. आणि या बाईजवळ मिठाचा खडासुद्धा स्वतःचा नव्हता. जे होतं ते माझ्याच घरातून आलेलं. माझंच मला कसं परत करणार?

"चिगूर हुता," अक्का पुढं बोलली, आता माझ्याकडं बघून. आवाजात तक्रार नव्हती. "पन तुमी त्यो शेळीला घातला. म्हंजी तुमच्यात खात न्हाईत. मंग काय घालू? मोडवाल्याकडं फुटाने हुते, त्यो म्हनला भांडं दे, मंग देतो. भांडं तर तुमचं. म्हनून देते, देते म्हनत ऱ्हायले." मग तिनं विचारलं, "तुमी माजी वाटी रिकामी दिल्ती. इकडं चालतं व्हय तसं?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. ह्यांच्या हातातलं शेळीचं दावं तसंच राहिलं. मला जमिनीनं गिळावं असं वाटलं. आजवर मी कितीकांना पकडलं होतं, पण इतक्या माणसांपुढं पकडली गेले ती मीच.

डॉक्टर कागद पुढं करून म्हणाले, "मग तक्रार लिहून द्यायची का?"

"कसली तक्रार?" मी म्हटलं. "वाट्या मीच दिल्त्या तिला. चोरी न्हाई काई न्हाई. ऱ्हाऊ द्या तिला हितंच."

"आन् माजा तांब्या?" काकू म्हणाल्या.

"तांब्या हुडका तुमी तुमच्या घरात," मी म्हटलं, आणि वर्षभराचं भांडण पदरात पाडून घेतलं.

जीप रिकामी गेली. नर्सबाई जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागल्या, तो मी झटकला. कुणाची माया सोसण्यासारखी माझी अवस्था नव्हती. ह्यांनी त्या दिवशी मला फौजदारीण म्हटलं नाही. जेवताना खाली मान घालून जेवले, तेच जास्त लागलं.

दुपार कलल्यावर मी भिंतीशी गेले. अक्का अंगणात बसली होती. म्हटलं, "अक्का, चिगूर हाय का गं अजून चिंचंला?"

ती संशयानं माझ्याकडं बघायला लागली. आता तिची पाळी होती. "पाला जून झालाय. शेंड्याला हाय थोडा. पन तुमच्यात खात न्हाईत."

"खात्यात. आमटीत घालत्यात. माजं चुकलं. मी उगं भ्याले. रिकामी वाटी आमच्यातबी चालत न्हाई."

मी परत आले. मला वाटलं, संपलं ते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर तिनं भिंतीवर चार वाट्या मांडल्या, एकेक करून. चारींत चिगूर, शेंड्याशेंड्याचा खुडलेला, एकही जून पान नाही. तेवढा गोळा करायला तिला सगळं झाड धुंडावं लागलं असणार. मी एकेक करत तीन वाट्या आत नेल्या. वडिलांच्या नावावर बोट फिरवलं आणि तिथंच चुलीपुढं बसून रडले. खूप रडले, खोटं कशाला सांगू?

चौथी वाटी न्यायला बाहेर आले, तर अक्का अजून तिथंच उभी. भिंतीवर माझ्या वाटीशेजारी तिची जर्मनची वाटी होती. रिकामी. तिनं ती दोन बोटांनी माझ्याकडं सरकवली.

"ही?" मी विचारलं.

"ही तुमी तवा रिकामी दिल्ती," ती म्हणाली. "चालत न्हाई म्हनालात न्हवं? मंग द्या की."

मी आत गेले. घरात गोड म्हणून गुळाचा एक खडा होता, ह्यांच्या चहासाठी राखलेला. तो सगळा वाटीत घातला आणि आणून तिच्या हातात दिला. तिनं वाकून बघितलं, हुंगला, बोट लावून चव घेतली. मग पदराखाली झाकून खोलीत गेली आणि आतून कडी घातली.